बासरीचे उच्च शिक्षण : गुरुगृह आणि विद्यालय

बासरी हे आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचे आणि तरीही फार थोड्यांनी मनापासून ऐकलेले वाद्य आहे, असे म्हटले तर आपणांपैकी काहींना ते विचित्र वाटेल. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या हातात ती आहे. काल्याच्या कीर्तनात तिचे नाव आल्याशिवाय राहत नाही. नाथांच्या गवळणींतून ती या गोदाकाठच्या मुलखात चारशे वर्षे वाजत आली आहे. आणि आसपासच्या कोणत्याही यात्रेत जा, खांद्यावर काठी घेऊन, त्या काठीला झाडाच्या फांद्यांसारख्या बासऱ्या खोचून फिरणारा एखादा विक्रेता भेटतोच. तो स्वतः बऱ्यापैकी वाजवतो. आपण त्याच्याकडून घेतलेली बासरी मात्र घरी आल्यावर वाजत नाही, हाही सर्वांचा अनुभव आहे. पण एक राग, आलापापासून द्रुत गतीपर्यंत, तास-दीड तास, फक्त बासरीवर ऐकला आहे काय, असे विचारले तर किती हात वर होतील?

याचे एक कारण असे की हे वाद्य मैफलीच्या बैठकीवर फार उशिरा आले. सतार, सरोद, बीन यांना घराण्यांचा इतिहास आहे. बासरीला तो नाही. साधारण १९४० पूर्वी बासरी म्हणजे नाटकातील, चित्रपटातील किंवा भजनातील साथीचे वाद्य. संपूर्ण ख्याल तिच्यावर मांडता येतो हे ज्यांनी सिद्ध करून दाखविले, त्या पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ सालचा, पूर्व बंगालमधील बारिसालचा. आणि मृत्यू १९६० सालचा, दिल्लीचा. म्हणजे ज्या परंपरेबद्दल आपण बोलणार आहोत तिचे वय एका माणसाच्या दीर्घ आयुष्याएवढेच आहे. त्यामुळे बासरीचे उच्च शिक्षण कोठे घ्यावे, कसे घ्यावे, या प्रश्नाला जुने ठरलेले उत्तर नाही. आपल्या परतूरसारख्या तालुक्याच्या गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी चार-पाच परीक्षा देऊन थांबते आणि पालक विचारतात, "आता पुढे काय?" त्या प्रश्नाचाच विचार येथे करावयाचा आहे.

पुढे काय, हे कळण्यासाठी आधी वाद्याची अडचण कळली पाहिजे. बाजारातली बासरी वीतभर किंवा हातभर लांब. तिचा सूर उंच आणि चिरका. नळी जितकी आखूड तितका सूर वर, जितकी लांब तितका खाली, हा साधा नियम. ख्यालगायनाला जो भारदस्त खर्ज लागतो तो आखूड नळीतून निघणे शक्य नाही. पन्नालालबाबूंनी निरनिराळ्या पदार्थांच्या आणि लांबीच्या नळ्या करून पाहिल्या, आणि अखेर सुमारे ३२ इंच लांबीच्या वेळूवर ते स्थिरावले. सूर मिळाला, पण बोटांची पंचाईत झाली. नळी लांब झाली की छिद्रेही एकमेकांपासून दूर जातात. बोटांची टोके तेथवर पोचत नाहीत. बोट आडवे टाकून पेराच्या मांसल भागाने छिद्र झाकावे लागते. छोट्या बासरीवर तयार झालेला विद्यार्थी मोठी बासरी हाती घेतो तेव्हा पहिले काही महिने त्याचे सूर गळतात, मनगट दुखते, आणि आपण मागे चाललो असे त्याला वाटू लागते. ही उच्च शिक्षणाची पहिली पायरी. येथे पुष्कळ जण सोडून देतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ती थोडी धीराने समजून घ्यावी. बासरीला सहा छिद्रे. वरची तीन झाकली की षड्ज. दोन झाकली की ऋषभ, एक झाकले की गंधार, ते एकच छिद्र अर्धे झाकले की शुद्ध मध्यम, आणि सर्व उघडी ठेवली की तीव्र मध्यम. येथवर सरळ आहे. पुढे पंचम. त्यासाठी सहाही छिद्रे एकदम झाकावयाची आणि फुंकर जरा जोराने घालावयाची. म्हणजे तीव्र मध्यमाला सगळी बोटे वर आणि लगेच शेजारच्या पंचमाला सगळी बोटे खाली! गवयाच्या गळ्याला हे दोन स्वर जोडणे किती सोपे असते ते आपण यमन ऐकताना पाहतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर गळा तेलासारखा ओघळतो. त्यालाच आपण मींड म्हणतो. बासरीवर मात्र नेमक्या याच जागी खड्डा आहे. साहाही बोटे एकदम पडताना ओघळणार कशी?

पन्नालालबाबूंनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सातवे छिद्र. सहाव्याच्या खाली, ओळीपासून जरा बाजूला, करंगळी पोचेल अशा ठिकाणी. आता सातही छिद्रे झाकली की पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो, आणि नुसती करंगळी हळूहळू उचलली की त्याच फुंकरीत पंचम. खड्ड्यावर साकव पडला. शिवाय मंद्र सप्तकात खालच्या तीव्र मध्यमापर्यंत उतरता येऊ लागले. एका छिद्राने पूरिया कल्याणसारख्या रागांची वाट किती सोपी झाली असेल याची कल्पना गाणाऱ्यांना येईल. गंमत अशी की हे छिद्र सर्वांनी स्वीकारले नाही. पन्नालालबाबूंचे शिष्य आणि जामात देवेंद्र मुर्डेश्वर यांच्या परंपरेत ते कायम राहिले. नित्यानंद हळदीपूर हे याच परंपरेतले. पुण्याचे केशव गिंडे यांनी तर आणखी पुढे जाऊन 'केशव वेणू' नावाची बासरी सिद्ध केली. उलट हरिप्रसाद चौरसिया सहा छिद्रांवरच राहिले, आणि तरी त्यांच्या बासरीत काही उणे आहे असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा सातवे छिद्र हवेच की नको, या वादात मी पडत नाही. विद्यार्थ्याने मात्र एका गुरूकडे एक पद्धत आणि दुसऱ्याकडे दुसरी असे करू नये; बोटांना एकदा लागलेले वळण मोडायला फार वेळ लागतो.

वळण मोडण्यावरून हरिप्रसादजींची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण उच्च शिक्षण म्हणजे काय याचा तिच्यात चांगला उलगडा होतो. त्यांचा जन्म १९३८ सालचा, अलाहाबादचा. वडील पहिलवान; मुलानेही आखाड्यात उतरावे ही त्यांची इच्छा. मुलगा प्रथम पंडित राजारामांकडे गाणे शिकला आणि मग पंडित भोलानाथ प्रसन्न यांच्याकडे बासरी. १९५७ मध्ये तो आकाशवाणीच्या कटक केंद्रावर नोकरीला लागला, पुढे मुंबईस आला, चित्रपटसृष्टीत त्याला मागणी आली. म्हणजे लौकिक अर्थाने शिक्षण संपले होते, पोट भरत होते. अशा वेळी ते अन्नपूर्णादेवींच्या दाराशी गेले. देवी म्हणजे मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दिनखाँसाहेबांच्या कन्या, सूरबहार वाजवणाऱ्या. मैफली त्यांनी १९५० नंतरच्या दशकातच सोडल्या होत्या. मुंबईतल्या आपल्या घरात त्या शिकवीत, आणि २०१८ मध्ये देह ठेवीपर्यंत तेथेच राहिल्या. आधीचे सगळे विसरून पहिल्यापासून शिकायचे, ही त्यांची अट. आपला निर्धार पटवण्यासाठी हरिप्रसादजींनी बासरीची बाजूच बदलली. उजवीकडे धरून वाजवीत ती डावीकडे धरू लागले. ज्याने कधी बासरी धरली आहे त्याला यातली किंमत कळेल. चालता माणूस पुन्हा रांगायला लागावा तसे ते आहे.

पण माझ्या मते या गोष्टीतला खरा मुद्दा हातांचा नाही. तो असा की अन्नपूर्णादेवी बासरी वाजवीत नव्हत्या. त्या गाऊन सांगत. आणखी मागे जाऊन पाहा : पन्नालालबाबूंचे गुरू खुशी महंमदखाँ पेटीवादक, गिरिजाशंकर चक्रवर्ती गवई, आणि १९४७ पासून ज्यांच्याकडे ते शिकले ते अल्लाउद्दिनखाँसाहेब सरोदिये. बासरीचे दोन सर्वांत मोठे वादक, आणि त्यांना घडवणारे थोर गुरू बासरीवाले नाहीत! याचा अर्थ सरळ आहे. फुंकर कशी घालावी, बोट कसे ठेवावे, छिद्र अर्धे कसे झाकावे, हे बासरीवाला शिकवील आणि त्यानेच शिकवले पाहिजे. पण राग कसा उलगडावा, षड्जावरून ऋषभाकडे जाताना किती थांबावे, एखादा स्वर दाखवावा की नुसता सुचवावा, हे बासरीचे ज्ञान नाही, गाण्याचे आहे. प्रगत विद्यार्थी ज्याची तालीम घेतो ती मुख्यतः याची. म्हणून अशा तालमीत गुरू ओळ गातो आणि शिष्य ती वाजवतो. चुकली की गुरू पुन्हा गातो. काय चुकले ते पुष्कळदा सांगतही नाही. बाहेरच्या माणसाला हे पाहून कंटाळा येईल. तास-दोन तासांत एका रागाच्या चार स्वरांपलीकडे गाडी गेलेली नसते.

या सगळ्याच्या जोडीला एकट्याचा रियाज असतोच. पहाटे मंद्र सप्तकातले स्वर लांबवायचे, एका श्वासात, न हलता. बासरीत हवेचा पडदा, तार, लोलक असे काही नसते. ओठ आणि नळीची कड यांच्यामधली हवेची धारच काय ती वाजते. त्यामुळे ओठ किंचित फिरला तरी सूर सरकतो. याचा एक परिणाम आपल्याकडच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावा. ध्वनीचा वेग उष्णतेबरोबर वाढतो : वीस अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, चाळीस अंशांना सुमारे ३५५. म्हणजे साडेतीन टक्के. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत अंतर असते सुमारे सहा टक्क्यांचे. तेव्हा नुसत्या हवेचा हिशेब केला तर पौषातल्या सकाळी पेटीशी जुळणारी बासरी वैशाखातल्या दुपारी अर्ध्या पट्टीहून अधिक चढेल! प्रत्यक्षात वादकाच्या श्वासाने नळीतली हवा दोन्ही ऋतूंत काहीशी सारखी होते, म्हणून फरक इतका पडत नाही, पण पडतो. तो ओठाने भरून काढायला शिकणे हेही उच्च शिक्षणच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शिकलेल्याला ते जास्त चांगले येत असावे, असे आपण अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

आता विद्यालयांकडे वळू. संगीत हे शाळा काढून, तक्ते टांगून, तास पाडून शिकवता येईल, हा विचार महाराष्ट्राने देशाला दिला. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर चालणारी संगीतशाळा ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. १९०८ मध्ये ते मुंबईस आले. त्यांनी फी भरणाऱ्या शिकाऊ मंडळींबरोबर एक वेगळा वर्ग ठेवला होता : उपदेशक वर्ग. त्यातले विद्यार्थी विद्यालयातच राहत, वर्षानुवर्षे शिकत, आणि पुढे स्वतः शिक्षक होत. म्हणजे शाळेच्या पोटात त्यांनी गुरुगृहच वसवले होते. शाळा समाजासाठी, गुरुगृह कलावंतासाठी, ही विभागणी त्यांच्या मनात स्पष्ट असली पाहिजे. पुढे कर्जापायी मुंबईची वास्तू गेली, आणि १९३१ मध्ये पंडितजीही गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ज्या परीक्षा आपली मुले देतात त्या याच मंडळाच्या. प्रारंभिक, प्रवेशिकेचे दोन भाग, मध्यमाचे दोन, विशारदाचे दोन आणि अलंकाराचे दोन, अशा नऊ पायऱ्या. विशारद ही पदवीच्या तोडीची समजली जाते आणि अलंकार तिच्या वरची.

या परीक्षांना नावे ठेवण्याची फॅशन गवयांत आहे. ती मला पटत नाही. या परीक्षा नसत्या तर आपल्यासारख्या गावी संगीताचा वर्ग टिकलाच नसता. दोन रागांतला भेद सांगू शकणारा, ताल हाताने धरू शकणारा श्रोता त्यांनीच तयार केला. पण परीक्षेचा स्वभाव ओळखला पाहिजे. तेथे परीक्षकाला थोड्या वेळात पुष्कळ राग तपासायचे असतात. प्रत्येकातले दोन-तीन आलाप, चार ताना, की पुढचा राग. विद्यार्थीही त्याच मापाने तयारी करतो. मैफलीत याच्या नेमके उलटे हवे असते. वीस रागांची ओळख असणारा आणि एकाही रागात पाऊण तास न रमणारा अलंकारही पाहायला मिळतो. दोष त्याचा नाही, मापाचा आहे.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. पॅरिसचे सरकारी संगीत विद्यालय १७९५ मध्ये निघाले. तेथे बासरीच्या विद्यार्थ्यांची वार्षिक स्पर्धा होई. तिच्यासाठी ठरलेली एक रचना सर्वांनी वाजवायची. १८९८ सालच्या स्पर्धेसाठी फोरे या थोर संगीतकाराने एक रचना लिहून दिली आणि ती तेथल्या बासरीच्या अध्यापकांना, ताफानेल यांना, अर्पण केली. ती आजही जगभर वाजते. त्यांच्या पद्धतीत हे बसते, कारण त्यांच्याकडे रचना लिहिलेली असते; सर्वांनी तीच वाजवली की कोण सरस हे ठरवणे सोपे. आपल्याकडे वादकाने रचना तेथल्या तेथे घडवायची असते. दहा विद्यार्थ्यांनी एकच यमन वाजवला तर दहा यमन झाले पाहिजेत. एकच झाला तर नऊ जण नापास! याला गुण कसे द्यायचे?

तरीही हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयाने हा प्रयोग केला. तेथे हिंदुस्थानी संगीताचा विभाग निघाला आणि हरिप्रसादजी अनेक वर्षे त्याचे कलादिग्दर्शक होते. बासरी शिकायला युरोपातले विद्यार्थी येत. त्यांत काही पाश्चात्त्य बासरीत पूर्ण तयार झालेलेही होते. ती चाव्यांची धातूची बासरी. बोअम नावाच्या जर्मन कारागिराने १८३२ आणि १८४७ मध्ये तिला आजचे रूप दिले. तिच्यावर प्रत्येक स्वराला स्वतंत्र छिद्र आणि चावी, त्यामुळे सूर चोख. पण मींडेचे काम अवघड. असे विद्यार्थी वेळूची साधी नळी हाती घेत आणि नव्याने बोटे बसवीत. या विभागाचे योप बोर यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये चौऱ्याहत्तर रागांचा एक ग्रंथ ध्वनिमुद्रणांसह निघाला. प्रत्येक राग थोड्या मिनिटांत मांडायचा, ही कामगिरी हरिप्रसादजी, सरोदवादक बुद्धदेव दासगुप्ता, आणि आपल्याकडचे विद्याधर व्यास व श्रुती सडोलीकर यांनी पार पाडली. परीक्षेचे ते आखूड माप थोरांच्या हाती पडले की काय होते, ते त्यात ऐकावे.

हरिप्रसादजींनी स्वदेशी मात्र गुरुकुलच काढले; मुंबईत जुहूला 'वृंदावन', आणि २०१० मध्ये भुवनेश्वरला दुसरे. पुण्याच्या विद्यापीठाने ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल हा शब्द ठेवला आहे. म्हणजे विष्णु दिगंबरांचा उपदेशक वर्गच निरनिराळ्या नावांनी पुन्हा येत आहे. गुरुकुलात वेळापत्रक नसते असे नाही, पण तालीम केव्हा सुरू होईल आणि केव्हा संपेल याचा भरवसा नसतो. थोरला शिष्य धाकट्याला सांगतो. गुरू मैफलीस निघाला तर एखादा मागे बसून साथीची बासरी धरतो, आणि हजार माणसांसमोर गुरू रागाला कसा हात घालतो हे पाठीमागून पाहतो. ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिता येणार नाही.

पण गुरुकुलाचेही गोडवे एकतर्फी गाऊ नयेत. तेथे राहणाऱ्याची पाच-सात वर्षे कमाईवाचून जातात. ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू आणि धाकटी भावंडे आहेत, त्याला हे परवडावे कसे? मुलींना तेथे जागा मिळणे पूर्वी कठीणच होते. शिवाय एकाच गुरूच्या सावलीत राहून शिष्याची हुबेहूब नक्कल होण्याचा धोका आहे. हरिप्रसादजींसारखी फुंकर मारणारे पुष्कळ आढळतात. पूर्वी नभोवाणीने या अडचणीवर काही उतारा दिला होता. पन्नालालबाबूच १९५६ पासून दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे निर्देशक होते. निवड होऊन श्रेणी मिवाली की वादकाला कार्यक्रम मिळत, काहींना नोकरी मिळे, आणि शिकणे सोडावे लागत नसे. आज नोकऱ्या आटल्या. त्यांची जागा कोण घेणार, याचे उत्तर मला तरी दिसत नाही. गावाने एखाद्या मुलाचा दोन वर्षांचा खर्च उचलणे अशक्य आहे काय, एवढे मात्र व्याख्यानमाला भरवणाऱ्या गावाला विचारावेसे वाटते. लाहोरला १९०१ मध्ये लोकांनी वर्गणीच काढली होती.

व्याख्यानानंतर काहींनी विचारले की मुलाला बासरी कोणती घ्यावी. आरंभी मध्यम लांबीची, बोटे न ताणता पोचतील अशी घ्यावी. मोठी बासरी हात वाढल्यावर, आणि शिकवणाऱ्याच्या सल्ल्याने. घेताना पेटीचा सूर धरून तपासावी, रंग आणि गोंडे पाहू नयेत. चांगला वेळू आसामात सिल्चरकडून येतो आणि बासऱ्या उत्तर प्रदेशात पिलीभीतला पुष्कळ होतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वेळू तडकतो. म्हणून बासरीवर जे दोऱ्याचे वेढे असतात ते शोभेचे समजून काढू नयेत. अधूनमधून आतून तेलाचा हलका हात द्यावा, आणि ती पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या मोटारीत ठेवू नये. सावलीत, कापडात गुंडाळून, आडवी ठेवावी.